शंखाच्या विषाची उलटतपासणी

सतराव्या शतकातली गोष्ट. आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांच्या किनाऱ्यावर मासेमारीचं जाळं ओढणं चालू होतं. त्या गडबडीत एका गुलाम बाईने पाण्यातला एक छोटासा शंख उचलला आणि तो मुठीत धरून ती किनाऱ्याकडे चालू लागली. हाताला किंचित खाज सुटली. ती खाज दंडावर चढली, अंगभर पसरली आणि बाई जागच्या जागी गेली. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत अंबोन बेटावर राहणाऱ्या गेओर्ग एबरहार्ड रुम्फियसने ही हकिकत नोंदवून ठेवली. १६७० मध्ये रुम्फियसची दृष्टी गेली होती. तरी तो इतरांकडून लिहून घेत राहिला. १७०२ मध्ये तो वारला आणि अंबोनमधल्या नवलाच्या वस्तूंवरचा त्याचा ग्रंथ १७०५ मध्ये, त्याच्या पश्चात, छापून आला.

हा शंख कोनस कुळातला. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला रुंद, वर नकाशासारखी किंवा जाळीसारखी नक्षी. युरोपातल्या हौशी संग्राहकांनी या शंखांसाठी पाण्यासारखा पैसा ओतला. रेम्ब्रांटने १६५० मध्ये अशाच एका शंखाचं कोरीव चित्र केलं. आत राहणारा प्राणी काय करतो, याची मात्र फारशी कोणी विचारपूस केली नाही. संग्राहकाच्या कपाटात पोचेपर्यंत तो कधीच मेलेला असायचा.

पुढची दोनेकशे वर्षं पॅसिफिक बेटांवरून तुरळक मृत्यूंच्या बातम्या येत राहिल्या. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्याजवळच्या हेमन बेटावर सहलीला आलेल्या एका तरुणाने ‘कोनस जिओग्राफस’ हातात घेतला आणि काही तासांत तो दगावला. डॉक्टरांनी नोंदवलेला क्रम वाचण्यासारखा आहे. आधी दंशाच्या जागी बधिरपणा, मग नजर अंधुक, मग पाय निकामी, मग शुद्ध हरपणं. त्यात वेदना जवळजवळ नव्हतीच. विष आहे, माणूस मरतो आणि दुखत नाही, या तिसऱ्या गोष्टीकडे लक्ष जायला अजून बराच काळ जायचा होता.

गोगलगाय मासे खाते

गोगलगाय मासा कसा पकडेल, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांनाही पडलेला होता. अ‍ॅलन कोन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने हवाईमध्ये ‘कोनस स्ट्रायटस’ हा शंख टाकीत ठेवून पाहिला आणि १९५६ मध्ये आपलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. गोगलगाय वाळूत दबून बसते. माशाचा वास लागला की तोंडाची लांब, लवचीक सोंड हळूहळू पुढे करते. सोंडेच्या टोकाशी एक दात तयार असतो. हा दात म्हणजे कायटिनची पोकळ सुई, तिला भाल्यासारखे काटे. एकदा वापरला की तो दात संपला. पुढच्या शिकारीसाठी आतल्या पिशवीत दुसरे दात तयार असतात. सोंड माशाला टेकते, दात आत घुसतो, विष शिरतं आणि मासा काही सेकंदांत ताठ होऊन पडतो. मग गोगलगाय तो सावकाश अख्खा गिळते. प्राणी इतका संथ की मासा दोन हात जरी पळाला तरी हातचा गेला. त्यामुळे विषाने क्षणात काम करायलाच हवं.

साठच्या दशकात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या रॉबर्ट एन्डीन यांनी निरनिराळ्या कोनस जातींच्या विषनलिका कापून, त्यातला लगदा काढून तो उंदीर, मासे, गोगलगायी आणि किडे यांना टोचून पाहिला. त्यातून एक सुरेख विभागणी निघाली. कृमी खाणाऱ्या जातींचं विष कृमींवर चालतं, गोगलगायी खाणाऱ्यांचं गोगलगायींवर, मासे खाणाऱ्यांचं मासे आणि उंदीर या दोघांवर. माणसाला धोका मुख्यतः या शेवटच्या गटाकडून. पण विषात नेमकं काय आहे, हे या कामातून कळण्यासारखं नव्हतं. किती मात्रेत प्राणी मरतो, एवढंच मोजलं जात होतं.

एन्झाइमवाला मनिलात परततो

इथे कथेत बाल्डोमेरो ऑलिव्हेरा येतात. जन्म १९४१, शिक्षण फिलिपिन्स विद्यापीठात, डॉक्टरेट कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमधून. नंतर स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट लेहमन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी डीएनएचे तुकडे जोडणाऱ्या लायगेज या एन्झाइमवर काम केलं. ई. कोलाय जिवाणूमधून हे एन्झाइम वेगळं काढणाऱ्यांत १९६७ मध्ये त्यांचं नाव होतं. पुढे जनुक-अभियांत्रिकीचा सगळा डोलारा ज्या साधनांवर उभा राहिला, त्यातलं हे एक.

एन्झाइम शुद्ध करण्याचं काम म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जिवाणू फोडले की हजारो प्रथिनांचं मिश्रण हाती येतं. ते एका पद्धतीने वेगळं करायचं, प्रत्येक नळीत थोडा डीएनए घालून बघायचं, ज्या नळीत तुकडे जोडले गेले ती ठेवायची, बाकीच्या टाकायच्या. ठेवलेली नळी पुन्हा दुसऱ्या पद्धतीने वेगळी करायची, पुन्हा तपासायची. शेवटी एकच प्रथिन उरतं. वेगळं करणाऱ्या यंत्रांचं कौतुक होतं, पण कोणती नळी ठेवायची हे यंत्र सांगत नाही, ते चाचणी सांगते. चाचणीत जे विचारलं नाही ते टाकलेल्या नळ्यांतून मोरीत जातं.

मनिलाला परतल्यावर ऑलिव्हेरांना फिलिपिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली, पण डीएनएवर काम करायला लागणारी उपकरणं तिथे नव्हती. लहानपणापासून त्यांना शंख जमवायचा नाद होता. फिलिपिन्सच्या पाण्यात कोनस भरपूर आणि ‘कोनस जिओग्राफस’ माणूस मारतो हे ठाऊकच होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून जीवरसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेल्या लुर्देस क्रूझ यांच्या साथीने त्यांनी विषाच्या शुद्धीकरणाला हात घातला. साधनांची चणचण असल्यामुळे चाचणीही साधी निवडली. उंदराच्या पोटात विषाचा एकेक अंश टोचायचा आणि त्याला उलट्या जाळीला लटकू द्यायचं. स्नायू लुळे पडले की उंदीर खाली पडतो. पडेपर्यंत किती वेळ गेला ते घड्याळावर बघायचं.

चाचणी चालली. लुळं पाडणारे अंश सापडले, शुद्ध झाले. त्यातल्या एकाची रचना १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तो फक्त १३ अमिनो आम्लांचा निघाला. नागाच्या विषातलं लुळं पाडणारं प्रथिन साठ-सत्तर अमिनो आम्लांचं असतं, त्या मानाने हे अगदीच चिमुकलं. काम मात्र तेच. मज्जातंतूचा निरोप स्नायू जिथे घेतो ती जागा अडवायची. दक्षिण अमेरिकेतलं बाणांना लावायचं क्युरारे नेमकं हेच करतं. त्यामुळे ऑलिव्हेरांना थोडी निराशाच आली. जिवाच्या आकांताने शुद्ध केलेला पदार्थ जगाला आधीच माहीत असलेलंच काम करत होता.

पोटाऐवजी मेंदू

तोवर ऑलिव्हेरा अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात स्थिरावले होते. क्रूझ मनिलात होत्या, पण त्यांची युटात ये-जा असे आणि दोन्हीकडचं काम जोडलेलं राहिलं. समुद्रापासून शेकडो मैल दूर, डोंगरांनी वेढलेल्या सॉल्ट लेक सिटीत समुद्री विषाची जगातली सर्वांत महत्त्वाची प्रयोगशाळा उभी राहत होती.

तिथे क्रेग क्लार्क नावाचा पदवीचा विद्यार्थी होता, विशीच्या आतला. त्याने सुचवलं की हे अंश पोटात टोचण्याऐवजी थेट मेंदूत टोचून पाहावेत. कल्पना काही कोणाला फारशी आशादायक वाटली नव्हती. गोगलगायीला माशाच्या मेंदूपर्यंत विष न्यायची गरज काय? पण विद्यार्थी उत्साही होता, उंदीर होते, विषाचे अंशही होते.

निकाल पाहून प्रयोगशाळेचा नूरच पालटला. एका अंशाने उंदीर थरथरू लागले. दुसऱ्याने खाजवत सुटले. तिसऱ्याने गोल गोल पळू लागले. चौथ्याने झोपी गेले. हा झोपवणारा अंश तर वयानुसार वेगळा वागायचा. दोन आठवड्यांपेक्षा लहान पिल्लं झोपत, मोठे उंदीर मात्र पिंजऱ्यात सैरावैरा धावत. क्लार्क, ऑलिव्हेरा आणि क्रूझ यांनी मेंदूवर काम करणाऱ्या अशा एका पदार्थावरचा शोधनिबंध १९८१ मध्येच प्रसिद्ध केला.

आता मागे वळून पाहिलं की आधीची चाचणी किती अपुरी होती ते कळतं. पोटात टोचलेल्या अंशाबद्दल उंदीर लुळा पडला की नाही, एवढंच नोंदवलं जात होतं. रक्तातून मेंदूत जायला जे पदार्थ अडतात ते निकामी समजून बाजूला पडत होते. विष तेच होतं, वेगळे केलेले अंशही जवळपास तेच होते. बदललं होतं ते टोचण्याचं ठिकाण आणि त्यानंतर बघायची गोष्ट. तोवर कोनसचं विष म्हणजे एक मारक पदार्थ आणि त्याला चिकटलेली किरकोळ प्रथिनं, असा समज होता. प्रत्यक्षात एकेका जातीच्या विषात शंभराहून अधिक पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, निघाली आणि जवळपास प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं होतं. कुळातल्या जाती सातशेच्या वर. म्हणजे एकूण साठा हजारोंच्या घरात.

थरथरवणारा अंश

मायकेल मॅकिन्टॉश हा मुलगा शाळा संपवून, कॉलेज सुरू होण्याआधी, अठराव्या वर्षी या प्रयोगशाळेत दाखल झाला. त्याच्या वाट्याला ‘कोनस मॅगस’ ही मासे खाणारी छोटी जात आली. त्या काळच्या शुद्धीकरणाची रीत अशी. शंख फोडून प्राणी बाहेर काढायचा. आतली विषनलिका बारीक आणि गुंडाळलेली, सरळ केली तर शंखापेक्षा कितीतरी लांब. ती बर्फावर ठेवून तिच्यातला पिवळट-पांढरा लगदा दाबून काढायचा आणि वाळवून ठेवायचा. मग तो आम्लयुक्त पाण्यात विरघळवून आधी लहान-मोठे रेणू आकारानुसार वेगळे करायचे. त्यातला लहान रेणूंचा वाटा एचपीएलसी या वेगळं करणाऱ्या यंत्राच्या स्तंभावर चढवायचा. स्तंभातल्या बारीक कणांना पेप्टाइडं चिकटून बसतात. द्रावणातलं अ‍ॅसिटोनायट्राइलचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं की एकेक पेप्टाइड सुटून बाहेर येतं. बाहेर पडणाऱ्या द्रावणातून अतिनील प्रकाश जात असतो. पेप्टाइड आलं की कागदावरची पेनाची रेघ वर चढते आणि ते गेलं की खाली उतरते. रेघ चढली की नळी लावायची, उतरली की बदलायची. मग प्रत्येक नळी उंदराच्या मेंदूत.

‘कोनस मॅगस’मधून मॅकिन्टॉशने उंदरांना थरथरवणारा एक पदार्थ शुद्ध केला. २५ अमिनो आम्लं, त्यांना घट्ट बांधून ठेवणारे गंधकाचे तीन पूल. प्रयोगशाळेच्या पद्धतीने त्याचं नाव ओमेगा-कोनोटॉक्सिन एमव्हीआयआयए. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. कॅल्शियम आत आल्याशिवाय पुढच्या पेशीला निरोप जात नाही. हा पदार्थ त्यातलं एका विशिष्ट प्रकारचं दार बंद करतो, बाकीच्यांना हात लावत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये कॅल्शियमच्या या दारांवर काम करणाऱ्या जॉर्ज मिल्यानिच यांनी हे पेप्टाइड उचललं. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप वर पाठवणाऱ्या तंतूंवर नेमकी हीच दारं दाटीने असतात. मिल्यानिच न्यूरेक्स या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीत गेले आणि तिथे औषध घडलं. निसर्गातल्या पेप्टाइडमध्ये एकही अमिनो आम्ल न बदलता ते कृत्रिमरीत्या बनवण्यात आलं. म्हणजे औषधासाठी शंख मारावे लागत नाहीत. अडचणी कमी नव्हत्या. तोंडाने घेतलं तर पचून जातं, शिरेतून दिलं तर रक्तदाब घसरतो. म्हणून ते पंपाच्या साहाय्याने थेट पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं. मॉर्फिनसारखी सवय लागत नाही आणि डोसही वाढवत न्यावा लागत नाही. पण गोंधळलेपणा, भास, चक्कर असे त्रास होतात. त्यामुळे ते फक्त तीव्र, दुसऱ्या कशानेच न आटोपणाऱ्या वेदनांसाठी. झिकोनोटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये परवानगी मिळाली. ‘प्रायाल्ट’ हे त्याचं बाजारातलं नाव.

मॅकिन्टॉश पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले आणि युटातच कोनसच्या विषावर काम करत राहिले.

एन्झाइमं मागे का पडली

साप आणि मधमाशी यांच्या विषाचा अभ्यास एन्झाइमांपासून सुरू झाला, पेप्टाइडं नंतर आली. कोनसच्या बाबतीत उलट घडलं. एक कारण त्या शुद्धीकरणातच होतं. आम्ल आणि अ‍ॅसिटोनायट्राइल यांच्या माऱ्यात गंधकाच्या पुलांनी आवळलेली छोटी पेप्टाइडं तगून राहतात. मोठ्या एन्झाइमांची घडी मात्र अनेकदा मोडते आणि घडी मोडली की काम थांबतं. शिवाय आकारानुसार वेगळं करतानाच मोठ्या रेणूंचा वाटा बाजूला निघायचा. उंदीर थरथरतो का, असं विचारणाऱ्या चाचणीत हळूहळू काम करणारं एन्झाइम बहुधा निरुत्तरच राहणार.

१९९५ मध्ये ‘कोनस मॅगस’मधून एक एन्झाइम सापडलं, तेही भलत्याच शोधात. हृदय आणि रक्तवाहिन्यांवर चालणारी काही औषधं कॅल्शियमच्या वेगळ्या प्रकारच्या दाराला चिकटतात. तसल्या एका औषधाला, इस्राडिपिनला, त्या दारापासून हटवेल असं काही विषात आहे का, ही कसोटी मॅकिन्टॉश आणि सहकाऱ्यांनी लावली होती. पेप्टाइड मिळेल अशी अपेक्षा. मिळालं ते सुमारे १३,६०० डाल्टन वजनाचं, दोन साखळ्यांचं प्रथिन. तपासल्यावर ते फॉस्फोलायपेज ए-२ निघालं, म्हणजे पेशीच्या पटलातले स्निग्ध रेणू तोडणारं एन्झाइम. सापाच्या आणि मधमाशीच्या विषातही याच नावाची एन्झाइमं आहेत, पण कोनसचं हे एन्झाइम रचनेने तोवर माहीत असलेल्या गटांत बसेना. त्याचं नाव कोनोडिपिन-एम.

दुसरा धागा झोपवणाऱ्या पेप्टाइडमधून आला. १७ अमिनो आम्लांच्या त्या पेप्टाइडमध्ये पाच जागी एक अनोखं अमिनो आम्ल होतं. तोवर ते ओळखीचं होतं ते प्रामुख्याने माणसाच्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांमधून. आपल्या यकृतात व्हिटॅमिन के वापरणारं एक एन्झाइम ते घडवतं. गोगलगायीच्या विषनलिकेत ते कुठून आलं? शोध घेता तिथेही व्हिटॅमिन केवर चालणारं तेच एन्झाइम सापडलं. म्हणजे गोगलगायी आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होण्याआधीपासून हे यंत्र चालू आहे आणि रक्त गोठवणं हे त्याचं एकमेव काम नव्हे.

विष काढायची पद्धतही सुधारली. शंख न मारता विष मिळवायचं असेल तर नळीच्या तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणायचा, त्यावर माशाच्या शेपटीचा तुकडा लावायचा आणि नळी गोगलगायीसमोर धरायची. सोंड येते, दात पडदा फोडतो, विषाचा थेंब नळीत. या पद्धतीने मिळालेलं विष आणि नलिका कापून काढलेलं विष सारखं नसतं, हे लवकरच लक्षात आलं. टोचलेल्या विषात हायलुरोनिडेज हे एन्झाइमही आढळलं. पेशींमधला चिकट पदार्थ तोडून ते विषाला आत पसरायला वाट करून देतं. पुढे क्वीन्सलँडच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की ‘कोनस जिओग्राफस’ शिकारीसाठी एक विष वापरतो आणि स्वसंरक्षणासाठी दुसरं. दोन्ही एकाच नलिकेच्या वेगवेगळ्या भागांतून येतात. माणसाला लुळं पाडणारी पेप्टाइडं भरून असतात ती संरक्षणाच्या विषात. गोगलगायीला मासा दाखवला तर एक विष मिळतं, धमकावलं तर दुसरं.

मुंबईचा धागा

आपल्याकडे या कामाची सूत्रं दोन ठिकाणी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले चेताशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पेप्टाइडतज्ज्ञ पी. बलराम यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या कोनस जातींच्या विषातली पेप्टाइडं शोधायला सुरुवात केली. २००५ मध्ये त्यांच्या गटाने याचा आढावा प्रसिद्ध केला. तोवर साधनं बदलली होती. वस्तुमान-वर्णपटमापकावर पेप्टाइडची साखळी अगदी थोड्या नमुन्यातून वाचता येऊ लागली होती. भारतीय शंखांच्या बाबतीत हे महत्त्वाचं, कारण इथले अनेक शंख दुर्मीळ आहेत. ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ म्हणून संग्राहकांत नावाजलेला ‘कोनस मिल्नेएडवर्डसी’ तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तो पकडता येत नाही, विकताही येत नाही.

ताजी चाचणी, नवं उत्तर

२०१५ मध्ये हेलेना सफावी-हेमामी, ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी ‘कोनस जिओग्राफस’च्या विषग्रंथीतली जनुकं वाचताना एक ओळखीचा मजकूर पाहिला. ते इन्सुलिन होतं. गोगलगायीच्या शरीरातल्या नेहमीच्या इन्सुलिनशी नव्हे, तर माशांच्या इन्सुलिनशी मिळतंजुळतं. ही जात आपल्या तोंडाचं जाळं पसरून माशांच्या थव्याला घेरते. पाण्यात सोडलेल्या इन्सुलिनने माशांच्या रक्तातली साखर घसरते, ते सुस्तावतात आणि जाळ्यात राहतात. हे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा आखूड आहे. त्यातला ज्या टोकामुळे रेणू एकमेकांना चिकटून बसतात तो भागच नाही. त्यामुळे लगेच काम सुरू करणारं इन्सुलिन घडवण्यासाठी त्याचा नमुना म्हणून अभ्यास चालू आहे.

उंदराच्या मेंदूत टोचण्याच्या चाचणीतून हे बहुधा निसटलंच असतं. लुळा पडतो का, थरथरतो का, झोपतो का, यातल्या कोणत्याही प्रश्नाचं उत्तर इन्सुलिन देत नाही. जनुकं वाचल्यामुळे ते सापडलं. आता कोनसच्या विषग्रंथींच्या याद्यांमध्ये प्रथिनं तोडणारी, साखर तोडणारी, स्निग्ध पदार्थ तोडणारी कितीतरी एन्झाइमं नावानिशी दिसतात. पण यादीत नाव असणं म्हणजे काम कळणं नव्हे. ‘कोनस टेक्स्टाइल’मधलं असंच एक प्रथिन २००३ मध्ये एन्झाइम म्हणून जाहीर झालं, नंतरच्या तपासणीत तो दावा टिकला नाही. आज गोगलगाय न मारता तिचं अख्खं जनुकभांडार वाचता येतं. त्यातलं कुठलं प्रथिन खरंच उपयोगी, हे ठरवायला मात्र ते शुद्ध काढावं लागतं, त्याच्यासमोर योग्य पदार्थ ठेवावा लागतो आणि काय घडतं ते पाहावं लागतं. स्टॅनफर्डमध्ये लायगेजच्या नळ्या तपासताना चालायची ती पद्धत अजून बदललेली नाही.